सावलीत दाखवलेला नमुना

मी एक जुना नमुना आहे, मित्रांनो. काँक्रीटचा. दीड फूट लांब, दीड फूट रुंद, वजन वीस किलोच्या आसपास, आणि एका कोपऱ्याचा टवका उडालेला. रंग कोळशासारखा काळा. वर दगडाच्या कपच्या असतात ना, तशी नक्षी. लांबून बघाल तर म्हणाल, हा खाणीतून काढलेला दगडच आहे. पण मी दगड नाही. दगडाचं सोंग आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना मला काही लपवायचं नाहीये.

माझं काम एकच होतं. लोकांनी मला बघायचं आणि आपल्या अंगणासाठी पसंत करायचं. अंगण कसं दिसेल, ते माझ्यावरून कळायचं. कसं दिसेल, एवढंच. पायाला कसं लागेल, हे मला कुणी विचारलंच नाही. आणि मला तोंड नाही.

माझा जन्म ग्वाल्हेरचा. दाल बाजारच्या मागच्या गल्लीत संग्रामसिंह ठेकेदाराचं गोदाम आहे, तिथला. एका लाकडी चौकटीत ओलं काँक्रीट ओतलं, थापीने सारखं केलं. मग वर रंगाची पावडर मुठीने उधळली आणि घासून घासून जिरवली. त्यावर ठसा चिकटू नये म्हणून अजून एक भुकटी. आणि मग जाड रबरी ठसा माझ्या अंगावर ठेवून संग्रामसिंह स्वतः त्यावर उभा राहिला. चांगला धिप्पाड माणूस. पहिला पाय मला लागला तो त्याचा. ठसा उचलला तेव्हा माझ्या अंगावर कपच्या उमटल्या होत्या. दोन दिवसांनी धुतलं, वाळवलं, वरून सीलर मारला. सीलर म्हणजे पारदर्शक लेप, वार्निशसारखा. मी चमकायला लागलो.

त्याच दिवशी अजून एक नमुना झाला. साचा तोच, ठसा तोच. फक्त रंग फिका होता, आमच्या किल्ल्याच्या दगडासारखा, ताकात थोडी हळद पडावी तसा. त्याच्यावर सीलरसुद्धा बिनचमकेचा, कारण चमकदार सीलरचा डबा संपला होता आणि हाताशी हाच होता. तो माझा भाऊच. पण त्याला कुणी विचारायचं नाही. "ये तो अपने यहाँ के पत्थर जैसा ही है, इसमें नया क्या," लोक म्हणायचे आणि माझ्याकडे वळायचे. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

पहिल्याच वर्षीचा मे महिना. संग्रामसिंह मला लोडर टेम्पोच्या मागच्या फळीवर ठेवून एका गिऱ्हाइकाकडे निघाला. वाटेत जेवायला थांबला. तासभर मी उघड्यावर. तुम्हाला ग्वाल्हेरचं मे महिन्यातलं ऊन माहीत आहे का? इथे दुपारी कुत्री गाड्यांखालून बाहेर निघत नाहीत. ऊन माझ्या आत शिरत गेलं, शिरत गेलं, आणि बाहेर निघायचं नावच घेईना. संग्रामसिंह परत आला आणि मला उचलायला त्याने हात लावला.

"अरे बाप रे!" हात झटकत तो मागे सरला. मग हसला. "ये तो तवा है, यार."

त्या दिवशी मला कळलं, मी काय आहे ते.

संग्रामसिंहालाही कळलं. तो काही वाईट माणूस नाही हं. काम चोख करायचा, उताराचं गणित बरोबर मांडायचा, फट पडू नये म्हणून खाचा योग्य जागी पाडायचा. पण त्या दिवसापासून त्याने एक पद्धत बसवली. मला ओल्या पोत्यात गुंडाळायचं. गिऱ्हाइकाच्या घरी पोचलं की सावलीत ठेवायचं. आणि दाखवायच्या आधी ओल्या फडक्याने एकदा पुसायचं. पुसलं की माझा रंग खोल दिसायचा, नक्षी उठायची. लोक वाकून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "वा, किती गार आहे!"

सात वर्षं मी असा गार राहिलो. सात वर्षं लोकांनी माझी तारीफ केली. किती अंगणं माझ्यावरून काळी झाली, ते मी मोजलं नाही. मला भीती वाटायची मोजायची.

मग यंदाचा जानेवारी आला. तो जानेवारी मी विसरणार नाही.

हरिशंकरपुरममधलं घर. मराठी माणसं. त्यांचे पूर्वज कधीकाळी दक्षिणेतून फौजेबरोबर आले आणि इथलेच झाले. घरात जगदेवराव, बँकेतून रिटायर झालेले. त्यांची बायको सुधाताई. आणि सून निवेदिता, जी घरूनच कॉम्प्युटरवर नोकरी करायची. तिचा नवरा पुष्कर कामासाठी इंदूरला, फक्त रविवारी घरी. मागे मोठं अंगण, मधोमध तुळस. खाली जुन्या विटांची फरशी, कुठे वर आलेली, कुठे खाली गेलेली. आदल्या पावसाळ्यात सुधाताई एका उचललेल्या विटेला अडखळून पडल्या होत्या. हात मोडता मोडता वाचला. म्हणून निवेदिताने ठरवलं होतं की चैत्रागौरीच्या हळदीकुंकवाच्या आधी अंगण सपाट करायचं.

धुकं होतं. दहा वाजले तरी सूर्य नुसता पांढऱ्या डागासारखा. संग्रामसिंहाने मला आणि माझ्या भावाला अंगणात ठेवलं, सवयीने मला ओल्या फडक्याने पुसलं.

निवेदिताने मोबाइल काढला. त्यात फोटो होते. कुठल्या तरी थंड देशातलं घर, मागे काळं चमकदार अंगण, लाकडी खुर्च्या. "हेच. एकदम हेच पाहिजे मला."

"भाभीजी, पसंद आपकी एक नंबर है," संग्रामसिंह म्हणाला. "सब यही ले जाते हैं."

"आणि तो फिका?" जगदेवरावांनी भावाकडे बोट दाखवलं.

"बाऊजी, वो तो सादा है. वो भी अच्छा है, पर सादा है."

संग्रामसिंह म्हणाला, दोन्ही नमुने ठेवून घ्या चार दिवस, आरामात ठरवा. आणि गेला. दुपारी धुकं फाटलं, थोडं ऊन पडलं. हिवाळ्यातलं लुळं ऊन, पण मी काळा ना, मी तेवढंही पिऊन घेतलं. जगदेवराव चपला काढून माझ्यावर उभे राहिले.

"अरे वा! काय मस्त उबदार आहे! सुधा, इकडे ये. पाय शेक."

निवेदितानेही पाय ठेवून बघितला. "खरंच की! आई, या ना. हिवाळ्यात तुम्हाला किती बरं होईल, तुळशीला पाणी घालताना."

सुधाताई आल्या. तुळशीच्या अंगणात त्या चप्पल घालत नसत, कधीच नाही, म्हणून अनवाणीच होत्या. दोन्ही पाय माझ्यावर ठेवले.

मित्रांनो, नमुन्याला पायांची भाषा कळते. सात वर्षं गोदामातल्या मजुरांचे अनवाणी पाय बघत मी तीच शिकलो. गार लागलं की माणसाची बोटं आखडतात. ऊब लागली की पाय पसरतो, तळवा सैल पडतो. चटका बसला की टाच आधी उचलली जाते, ओरडणं मागून येतं. सुधाताईंचे पाय माझ्यावर होते आणि ते काहीच बोलत नव्हते. बोटं हलली नाहीत. तळवा पसरला नाही. जशा दोन लाकडी खडावा कुणी ठेवून द्याव्यात.

"हो गं," सुधाताई म्हणाल्या. "छान ऊब आहे."

त्यांना काही लागलंच नव्हतं. वीस वर्षांची शुगर होती त्यांना. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अनवाणी फिरायचं नाही, रोज रात्री तळवे बघायचे. त्या घरात सगळ्यांना हे माहीत होतं. पण सुधाताई म्हणायच्या, "मला सगळं कळतं. मुंग्या येतात थोड्या, बस." आणि सगळ्यांनी ते मानून घेतलं होतं. मानणं सोपं होतं.

रविवारी पुष्कर आला. चहा पिता पिता त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. "तुझी पसंती ना? मग कर फायनल. मला काय, मी तर आठवड्यात एक दिवस असतो."

काळा फायनल झाला.

पण काम सुरू होईना. आधी थंडी फार, काँक्रीट नीट धरत नाही म्हणाला संग्रामसिंह. मग लग्नांचा सीझन, मजूर मिळेनात. मग होळी. आम्ही दोघं नमुने तिथेच पडून राहिलो, मी तुळशीपाशी, भाऊ भिंतीला टेकून उभा. भिंतीची सावली त्याच्यावर. माझ्यावर उघडं आकाश.

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी पोत्यात गुंडाळत नव्हतं.

फेब्रुवारी बरा गेला. मार्चमध्ये रोज दुपारी मी थोडा जास्त तापायला लागलो. मला वाटायचं, आता कुणीतरी येईल. कुणीतरी हात लावेल, कुणीतरी म्हणेल, अरे, हे तर भलतंच आहे. पण दुपारी अंगणात कोण येतं? एक सुधाताई सोडल्या तर सगळे कूलरसमोर. संध्याकाळी यायचे, तेव्हा निवेदिताने पाणी मारलेलं असायचं. मी वाफ सोडायचो. त्या वाफेकडे कुणी लक्ष दिलं नाही.

होळीनंतर एक दिवस रंगाची पोती आली. काळ्या रंगाची. व्हरांड्यात थप्पी लागली. तीन दिवसांनी मजूर येणार, विटा उखडणार. निवेदिता खुशीत होती, फोनवर कुणा मैत्रिणीला सांगत होती, "अवंतिका, तू बघच. हळदीकुंकवाला येशील ना, ओळखणार नाहीस अंगण."

मी त्या पोत्यांकडे बघत होतो. माझ्यासारखं अख्खं अंगण. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मीच मी. कुठल्याही नमुन्याला यापेक्षा जास्त काय पाहिजे असतं? आणि मला नुसती धाकधूक होत होती. कारण रोज सकाळी आणि रोज दुपारी ते दोन मुके पाय माझ्या बाजूने जात होते. आज बाजूने जातात. उद्या माझ्यावरूनच जातील.

मी म्हटलं ना, उद्या. अंगण व्हायची वाटही बघावी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सुधाताईंनी बटाट्याचा कीस वाळत घातला होता. तुळशीपाशी खाटेवर जुनी धोतरं पसरून. दीड-दोनच्या सुमाराला त्या तो खालीवर करायला आल्या. विटा तिथे उंचसखल, पडायची भीती. आणि खाटेला लागूनच मी होतो. सपाट. सुधाताईंनी शहाणपणा केला, मित्रांनो. पडू नये म्हणून त्या माझ्यावर उभ्या राहिल्या.

दोन्ही पाय. पूर्ण भार.

मी वाट बघत होतो, टाच उचलेल. आता उचलेल. आता तरी. सुधाताई कीस हलवत होत्या, गुणगुणत होत्या. एका टोकाचा झाला, दुसऱ्या टोकाचा सुरू केला. मी माझी आग आत ओढून घ्यायचा प्रयत्न केला. पण आग माझी थोडीच होती? ती तर सूर्याची होती, मी फक्त धरून ठेवत होतो. माझ्याकडे गार व्हायची काही सोयच नव्हती. खाली मऊ कातडी मला जाणवत होती आणि वर गुणगुणणं चालू होतं.

किती वेळ गेला? मला युगं वाटली. चार-पाच मिनिटं असतील.

निवेदिता मागच्या दारात आली. "आई, जेवण..." म्हणत ती मदतीला पुढे आली आणि कीस घ्यायला वाकली. तोल सावरायला तिने तळहात माझ्यावर टेकला.

"आई गं!" हात तिने छातीशी ओढला. क्षणभर तिला कळेचना. मग तिने माझ्याकडे बघितलं. मग सुधाताईंच्या पायांकडे.

"आई! उतरा! उतरा खाली!"

"काय झालं? किती ओरडतेस?"

"उतरा म्हणते ना!" निवेदिताने त्यांना कंबरेला धरून अक्षरशः उचललं आणि खाटेवर, त्या किसावरच बसवलं.

"अगं, कीस! सगळा कीस चुरला!"

निवेदिताने त्यांचा पाय उलटा करून बघितला. डावा नुसता लाल, पण उजव्या तळव्यावर, अंगठ्याच्या खाली, कातडी लालभडक होऊन फुगत होती. तिच्या डोळ्यांसमोर फोड वर येत होता. आणि सुधाताई अजून किसाचंच बोलत होत्या.

जगदेवराव बाहेर आले. त्यांनी पाय बघितला आणि मोरीतला नळ सोडला. गार नाही, साध्या पाण्याखाली पाय धरला, निवेदिताने डॉक्टरला फोन लावला, रिक्षा बोलावली. अंगण रिकामं झालं. मी तापतच होतो. त्या दिवशी पाच वाजेपर्यंत मी तापतच होतो.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला संध्याकाळी व्हरांड्यातल्या बोलण्यावरून कळलं. फोड फोडायचा नाही. रोज पट्टी. पायावर भार अजिबात नाही. शुगरच्या माणसाची जखम भरायला वेळ लागतो, आणि नाही भरली, चिघळली, तर मग अंगठ्याचंसुद्धा सांगता येत नाही.

"अंगठ्याचं म्हणजे?" फोनवर पुष्करने विचारलं. फोन स्पीकरवर होता.

"म्हणजे तेच, जे तुला समजलं," निवेदिता म्हणाली.

मग पुष्कर म्हणाला, "देख, काम मत रोक. परवा मजूर येतायत, नंतर अक्षय तृतीयेपर्यंत नाही मिळणार कुणी. हळदीकुंकवाला बायका येतील तर दरी बिछा लेंगे."

"सतरंजी एक दिवस. आणि आई रोज."

"मग आईला चप्पल घालायला सांग."

"तू सांगून बघ," जगदेवराव मध्येच बोलले. "मी चाळीस वर्षं सांगतोय."

निवेदिताने फोन ठेवला. सुधाताई आरामखुर्चीत पाय वर करून बसल्या होत्या. निवेदिता त्यांच्यापाशी खालीच बसली.

"आई, चुकलं माझं. पसंती माझीच होती. फोटो बघून हुरळून गेली मी. पण एक सांगा. जानेवारीत तुम्हीच बोलल्या होत्या ना, छान ऊब आहे म्हणून?"

सुधाताई पट्टीकडे बघत राहिल्या.

"तुम्ही दोघं बोललात," त्या शेवटी म्हणाल्या. "उबदार आहे, उबदार आहे. म्हणून मी पण बोलले. मला तेव्हा काही लागलं नव्हतं गं. मला दोन वर्षं झाली, खाली जमीन आहे की गादी, ते कळत नाही. डोळ्यांनी बघून चालते मी."

जगदेवराव उठून आत गेले. आत नळ सुरू झाल्याचा आवाज आला. तो बराच वेळ चालू होता.

"सांगितलं का नाही?" निवेदिताने विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही मला अंगणात जाऊ दिलं असतं?"



दुसऱ्या दिवशी निवेदिताने संग्रामसिंहाला बोलावलं. मुद्दाम दोन वाजता. तो घामाघूम होऊन आला, हातात सवयीचं ओलं फडकं.

"भाभीजी, कल से काम चालू, टेन्शन मत लीजिए. बस चौखट..."

"ते फडकं बाजूला ठेवा," निवेदिता म्हणाली. "और जूते उतारिए."

"जी?"

"जूते. मोजे भी."

सकाळपासून तिने माझ्या भावाला भिंतीपासून काढून माझ्या शेजारी उन्हात ठेवला होता. आम्ही दोघं कोरडे. दोघं सारखेच तापत ठेवलेले. जगदेवराव दारात छत्री घेऊन उभे होते, हातात घड्याळ.

"पहिले काला," निवेदिता म्हणाली.

संग्रामसिंह हसला. "भाभीजी, गर्मी में तो हर फर्श..."

"खडे तो होइए."

त्याने उजवा पाय ठेवला. टाच आधी उचलली. मग पूर्ण संग्रामसिंह उचलला गेला. एवढा धिप्पाड माणूस एका पायावर उड्या मारत विटांवर गेला, विटाही तापलेल्या, तिथून व्हरांड्यात.

"तीन सेकंद," जगदेवराव म्हणाले. "आमची हिची पाच मिनिटं झाली होती, ठेकेदारसाहब."

संग्रामसिंह हसायचा थांबला. निवेदिताने त्याला सुधाताईंचा पट्टी बांधलेला पाय दाखवला. तो खाली बसला. तळवा चोळत म्हणाला, "मेरी अम्मा को भी शुगर है."



निवेदिता स्वतः भावावर उभी राहिली. मी श्वास रोखला, मला श्वास असता तर रोखला असता. तिची बोटं थोडी उचलली. टाच नाही उचलली. ती मनात आकडे मोजत होती, ओठ हलत होते. वीसपर्यंत गेली आणि उतरली.

"गरम तो है," ती म्हणाली. "गार अजिबात नाही. पण उभं राहता येतं."

"सफेद जैसा है, धूप वापस फेंकता है," संग्रामसिंह म्हणाला. आता त्याचा आवाज गिऱ्हाइकाशी बोलायचा नव्हता, कामाचा होता. "सच बोलूँ? ऊपर चमकवाला सीलर मत लगवाइए. गीले में फिसलेगा, अम्माजी पानी डालती हैं तुलसी में. बिना चमक का लगाता हूँ, उसमें बारीक रेत मिलाके. और तुलसी के ऊपर हरी जाली. छाया नहीं होगी तो जून में यह भी तपेगा."

"मग हे जानेवारीत का नाही सांगितलं?" निवेदिताने विचारलं.

संग्रामसिंह माझ्याकडे बघत म्हणाला, "किसी ने पूछा नहीं, भाभीजी. और मैंने बताया नहीं."

पोती परत गेली. फिका रंग यायला दोन दिवस लागले, पण मजूर त्याने धरून ठेवले. विटा निघाल्या, काँक्रीट पडलं, ठसे पडले. मी व्हरांड्याच्या कोपऱ्यातून सगळं बघत होतो. अंगण भावासारखं होत होतं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. वाईट वाटलं का? वाटलं. थोडं. मग पट्टी बदलताना सुधाताईंचा तळवा दिसायचा आणि ते वाटणं जायचं.

कारण जखम भरत नव्हती, मित्रांनो. पहिला आठवडा गेला, कडा पांढऱ्याच. दुसऱ्या आठवड्यात जरा पाणी सुटलं, ताप आला, निवेदिता रोज दोनदा शुगर बघायची आणि आकडा कुणाला न सांगता वहीत लिहायची. घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. जगदेवराव, जे दर वाक्याला टोमणा मारायचे, ते नुसते पेपर धरून बसायचे, पान उलटायचं विसरून.

चप्पलचा प्रश्न तर तसाच. त्यावर एकदा भांडण झालं तेव्हाच मला बरं वाटलं, कारण निदान घरात आवाज झाला.

"नवी कोरी आणली आहे, सुधा. कापडाची. ही फक्त अंगणातच घालायची, रस्ता हिला माहीतच नाही."

"तुळशीसमोर चप्पल? मी नाही घालणार."

"आमचे पूर्वज बूट घालून लढले म्हणून तुझं कुंकू इथवर आलं."

"तुमचे आले असतील बूट घालून. माझे आले पालखीत."

"मग पालखीतून पाणी घाल तुळशीला! निवेदिता, चार भोई बघ!"

सुधाताई हसल्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. चप्पल मात्र नाही घातली. निवेदिताने शेवटी दोन्ही गोष्टी केल्या. तुळशीवर आणि दारापासून तुळशीपर्यंतच्या वाटेवर हिरवी जाळी बांधली, आणि चप्पल दारातच ठेवून दिली.

हळदीकुंकू चैत्रागौरीच्या अगदी शेवटच्या दिवशी झालं, अक्षय तृतीयेला. बायका पाचला येणार. पावणेपाचला निवेदिता एकटी नव्या अंगणात आली, पैठणी वर खोचून, अनवाणी. जाळीखाली उभी राहिली, मग जाळीबाहेर उभी राहिली. एका कोपऱ्यात तिला आवडलं नाही, तिथे बादलीभर पाणी मारलं आणि परत उभी राहिली. मग दार उघडलं. बायका चपला काढून आत आल्या, कैरीची डाळ खाल्ली, पन्हं प्यायल्या. अंगणाबद्दल कुणी काही बोललं नाही. "सादंच आहे," अवंतिका म्हणाली तेवढी. निवेदिताने "हो" म्हटलं आणि तिच्या ओटीत हरभरे घातले. सुधाताई खुर्चीत होत्या, पाय स्टुलावर, पट्टी अजून होतीच.

पट्टी निघाली वैशाखाच्या शेवटी. खाली गुलाबी, पातळ, नवी कातडी. अंगठा वाचला. डॉक्टर म्हणाले, नशीब.

मला संग्रामसिंह घेऊन जाणार होता. "सबसे ज़्यादा यही चलता है," तो म्हणाला.

"म्हणूनच नाही देणार," निवेदिता म्हणाली. संग्रामसिंहाने माझ्याकडे बघितलं, मग डोकं हलवलं आणि एकट्या भावाला उचलून घेऊन गेला, पोत्यात न गुंडाळता. मला तिने मोरीत नळाखाली टाकलं. आता माझ्यावर भांडी विसळतात. दिवसभर पाणी, दिवसभर सावली. माझ्यावर कुणी उभं राहत नाही. मला हेच बरं आहे.

पण मित्रांनो, मोरीतून अंगण दिसतं. तर काल दुपारी काय झालं ते सांगतो. जूनचा महिना, आकाश भट्टीसारखं. सुधाताई तुळशीला पाणी घालायला दारापर्यंत आल्या. एक पाय उंबऱ्याबाहेर काढला आणि थांबल्या. खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. ज्या बाईने दोन वर्षं कुणाला काही कळू दिलं नव्हतं, ती बाई आत तोंड वळवून म्हणाली,

"निवेदिता, जरा ये गं. तुझा पाय ठेवून बघ. मला कळत नाही."

निवेदिता मीटिंगमधून उठून आली, कानात ते यंत्र तसंच. अंगणात पाय ठेवला, थांबली. मान हलवली. "आत्ता नाही, आई. सहाला या."

"बरं," सुधाताई म्हणाल्या. आणि आत गेल्या.

मी एवढंच मागतो. घरात काही नवं घालायचं असेल, तर माझ्यासारख्या सावलीतल्या, ओल्या पुसलेल्या तुकड्याच्या दिसण्यावर जाऊ नका. भर उन्हात या, कोरडं असताना या, चप्पल काढा आणि उभे राहा. आणि तुमच्या घरात ज्याच्या पायांना आता काही कळत नाही, त्याला "लागतंय का" म्हणून विचारू नका. तो "छान आहे" म्हणेल. त्याच्या आधी तुमचा पाय ठेवा.